घोडेगावानं खोड झाकली त्याची हकीकत

घोडेगाव, तालुका नेवासे,
माघ, सन १९४६

काष्टीच्या बैलबाजाराचे भूषण आणि मला थोरल्या भावाच्या जागी असलेले राधाकृष्णभाऊ, यांस घोडेगावच्या नूरमहंमद दलालाचा सलाम. वहिनींना सलाम, लेकराबाळांना दुवा, आणि गेल्या बाजारात मी नको म्हणत असताना तुम्ही घेतलेल्या त्या पांढऱ्या गोऱ्ह्यालाही माझा नमस्कार सांगा. तुमच्या प्रकृतीची चौकशी रीत म्हणून करतो. उत्तर मला पाठ आहे. "काय न्हाई, धुळीनं हुतंय" असं तुम्ही म्हणणार. मागं इथं आला होता तेव्हा तुम्ही असे खोकलात की शेजारचा खिल्लार बैल बुजला आणि दावं तोडून थेट मशिदीपर्यंत गेला. तेव्हासुद्धा धूळच होती म्हणा. असो, खोकल्याचं पुढं बोलू.

हे अक्षर आमच्या मेहताबचं आहे. माझं अक्षर वाचायला पंचायत बसवावी लागते अशी तुमची जुनी तक्रार, म्हणून मी सांगतो आहे आणि ती लिहिते आहे. (चार इयत्ता शिकवली त्याचा फायदा इतक्या वर्षांनी झाला. आत्ता ती हसते आहे. हे लिहू नको म्हटलं, तर तेही लिहिते.) मेहताब पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढं काय झालं ते ऐकून तुम्ही घाबराल, म्हणून आधीच सांगून टाकतो की मायलेकी दोघी सुखरूप आहेत. आता निवांत बसून वाचा.

मार्गशीर्षात गावात दवंडी फिरली की नगराहून दवाखान्याची मंडळी येणार आहेत. तान्ह्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाचं वजन, उंची, दात, डोळे, छाती सगळं तपासणार. माणूस कोणत्या वयात कशानं आजारी पडतो, काय खाल्ल्यानं अंग धरतो आणि कशानं खचतो, याचा अभ्यास करायचा आहे म्हणे. आता तुम्हीच सांगा भाऊ, आपल्या मुलखात कोणी येऊन छाती मोजली आणि जबडा उघडायला लावला, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? एक तर पलटणीची भरती, नाही तर खरेदी. लढाई संपली होती, म्हणून भरती नसावी. म्हाताऱ्यांना प्लेगाचे दिवस आठवले. तेव्हा आजारी माणूस सरकारी माणसाच्या नजरेला पडला की त्याची रवानगी गावाबाहेरच्या झोपडीत व्हायची आणि घराचं छप्पर उतरायचं. झालं, सगळं गाव माझ्या ओट्यावर गोळा झालं. गिऱ्हाईक पारखायचं काम घोडेगावात माझं, हे कोण नाकारील?

मी विचार केला (इथंच चुकलो) आणि सांगितलं की गिऱ्हाईक कुठलंही असो, बाजाराचा कायदा एकच. खोड दिसू द्यायची नाही. मग जे बैलांना करतो तेच गावाला करायला लावलं. आपली हातचलाखी तुम्हाला सांगायला नको. शिंगं साळून तेल लावायचं, पेंड चारून पोटभर पाणी पाजायचं, आणि लंगडं जनावर भुसभुशीत मातीत उभं करायचं. न्हाव्याला दिवसभर उसंत मिळाली नाही. सगळं गाव तेल लावून इतकं चकचकीत झालं की शाळेच्या अंगणात मंडळी रांगेला उभी राहिली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

भीमाच्या पायात नारूचा किडा होता. त्याला शाळेच्या कोपऱ्यातल्या वाळूच्या ढिगात गुडघ्यापर्यंत पाय रोवून उभा केला. डॉक्टरसाहेब पुढं या म्हणाले तर तो म्हणे, "हितंच बरं हाय सायेब, वारं लागतंय." आक्काबाईला जुना दमा. तिच्या तोंडात लवंग आणि खडीसाखर कोंबून बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं, ती सगळ्याला मान डोलवत राहिली आणि हळूहळू वांग्याच्या रंगाची झाली. डॉक्टरांनी तिला मुकी समजून घेतलं. पोरांच्या आयांनी वजन भरावं म्हणून पोरांना गळ्यापर्यंत पाणी पाजलं होतं. त्यांतल्या एकानं काट्यात बसल्या बसल्या डॉक्टरांच्या विजारीवर सगळा हिशेब चुकता केला.

वयाचा तर घोटाळाच. वय कोणाला माहीत असतं? मी म्हटलं, साहेब, दात बघा, दुधाच्या दातांचा आदत कोण आणि सगळे दात आलेला जुळलेला कोण ते मी सांगतो. सहादेवबाबांची बत्तिशी शाबूत, म्हणून मी त्यांना चाळिशीत बसवलं. भागूबाईच्या तोंडात दात नाहीत, म्हणून तिला त्यांच्या आईच्या वयाची केली. निघालं असं की ती बिचारी तिशीच्या आतबाहेरची. बाळंतपणं लागोपाठ झाली आणि अंगावर दूध पाजताना पोटाला पुरेसं मिळालं नाही, त्यात दात गेले. डॉक्टर म्हणाले, हेच तर आम्ही शोधत फिरतो आहोत. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. आता रोज तिच्याकडं वाटीभर दूध पाठवतो. गुपचूप पाठवतो, नाही तर लोक म्हणतील दलालाला काय झालं.

डोळ्यांचीही तपासणी होती. भिंतीवर एक पाटी टांगलेली. तिच्यावर दंताळ्यासारख्या खुणा, कुठं मोठ्या, कुठं बारीक. दंताळ्याचे दात कोणत्या बाजूला आहेत तेवढं बोटानं दाखवायचं. माझ्या आधी अर्धं गाव होऊन गेलं होतं आणि मी बाजूलाच बसून ऐकत होतो. वर, खाली, डावीकडं, पुन्हा वर. माझी पाळी आली तेव्हा धडाधड सांगून मोकळा झालो. डॉक्टरांनी शाबासकी दिली. बाजारात सौद्याचे आकडे ध्यानात ठेवायची सवय अशी कामाला येते.

तर दुपारपर्यंत घोडेगाव निरोगी ठरलं. असं गाव जिल्ह्यात पाहिलं नाही, इथं आमचं काही काम नाही, असं म्हणत डॉक्टर सामान आवरायला लागले. बायकांची तपासणी तेवढी राहिली होती. ती शाळेच्या खोलीत चादर बांधून छबूबाई नावाच्या नर्सबाई करत होत्या. छबूबाई नगरच्याच, मिशनच्या शाळेत शिकलेल्या, बोलायला आपल्यासारख्या सरळ. मेहताबला मी सकाळीच पढवलं होतं की काही विचारलं तरी नाही म्हणायचं. तसं तिचं काही दुखतंय असं मला वाटतही नव्हतं. माहेरी आल्यापासून पोरगी अंगानं भरली होती, तोंड गोल, पाय गुबगुबीत. तिची आई शरिफा म्हणाली की सूज वाटते. मी म्हटलं, तुला माहेरचं अन्न आणि सूज यातला फरक कळत नाही. वर लोणचं आणि पापड वाढायला लावले. पोरगी डोकं धरून बसायची, तर मी म्हणायचो ऊन लागलं असेल.

मी चादरीच्या अलीकडं बसलो होतो. आत मेहताबचा हात छबूबाईंच्या हातात, वरून ओढणी, हे मेहताबनं मागून सांगितलं. तुम्हाला सांगतो भाऊ, मला आपला रुमालच आठवला. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. छबूबाईही इकडच्या तिकडच्या गप्पा करत होत्या. मग त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि बोलणं मध्येच थांबलं. सौद्यात समोरचा असा थांबला की त्याला खोड सापडली, हे आपण दोघंही जाणतो. माझी जीभ मात्र दलालाची. मी बाहेरून म्हटलं, बाई, पोरगी गुणाची आहे, अंगानं धडधाकट आहे, कसली खोड नाही.

त्यावर त्या चादर सारून बाहेर आल्या. "चाचा," त्या म्हणाल्या, "मी बैल घ्यायला आले न्हाई. अंगठ्याचा खड्डा अजून भरला न्हाई तिच्या पायातला. खरं सांगा, डोकं दुखतंय का हिचं?"

भाऊ, उभ्या जन्मात मी कोणत्याही मालाची खोड आपणहून सांगितलेली नाही. तुमच्यापाशीसुद्धा नाही, ते तुम्हाला त्या तांबड्या गाईवरून ठाऊक आहे. त्या दिवशी सांगितली. डोकं दुखतं, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, लघवी कमी झाली, कालपासून पोटात वरच्या अंगाला कळ आहे, घरात जे जे ऐकलं होतं आणि न ऐकल्यासारखं केलं होतं ते सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं नाही. (मेहताब लिहिताना थांबली आहे. लिही म्हटलं तसं लिही.) डॉक्टर सामान टाकून आले. दंडाला पट्टी बांधून तिच्यात हवा भरली. काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर धरली, तर ती नासलेल्या दुधासारखी फुटली. डॉक्टर म्हणाले की आता झटके येतील, आले तर दोन्ही जीव हाती लागणार नाहीत, हिला आमच्या मोटारीतून आत्ताच नगरला नेतो.

मोटारीत मेहताबला निजवत होते आणि मी वेड्यासारखा चपला शोधत होतो. तेवढ्यात आक्काबाईच्या तोंडून लवंग उडाली. तिनं पोरीची अवस्था पाहिली आणि तिला राहवलं नाही. अशी खोकली की शाळेची कौलं हलली. "मला बी दमा हाय," ती ओरडली, "आन् भीम्याला नारू हाय, काढा त्याला वाळूतनं." मग सगळं गाव बोलायला लागलं. ज्याला जे होतं ते त्यानं सांगितलं, काहींनी शेजाऱ्याचंही सांगितलं. मंडळींतले दुसरे एक डॉक्टर मागं राहिले होते. त्यांना सगळी पाहणी पहिल्यापासून करावी लागली. आता तर गावाला खोड सांगायची इतकी गोडी लागली आहे की बाजारात बैलाचं विचारलं तर माणसं स्वतःच्या गुडघ्याचं सांगतात.

नगरच्या दवाखान्यात मेहताबला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. सुया टोचल्या, मीठ बंद केलं, आणि छबूबाई पाळी संपली तरी घरी न जाता तिच्या उशाशी बसून राहिल्या. त्या आमच्या कोण लागतात? कोणी नाही. मी बाहेर व्हरांड्यात शांतपणे बसलो होतो. पोर दिवस भरण्याआधीच झालं, मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. तिला कापसात गुंडाळून गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवलं होतं. आता बरी पिते. नाव बिस्मिल्ला ठेवलं आहे, घरात मात्र छबू म्हणतो. मी तिच्या तोंडावरून बोटं फिरवून पाहिली. कपाळ रुंद, कान बेताचे, जिवणी लहान. सगळी मेहताबवर गेली आहे. अशी अचूक पारख बोटांनीच होते.

छबूबाईंना मी शेळी घेऊन गेलो, तर घेईनात. इतक्या चांगल्या दुधाळ शेळीला कोणी नाही म्हणतं? म्हणून दवाखान्याच्या फाटकाला बांधून आलो. दुसऱ्या दिवशी निरोप आला की शेळीनं फाटकाजवळची सगळी जास्वंद खाल्ली, घेऊन जा. परत आणली. त्या बाईंचं देणं शेळीनं फिटणार नाही, कशानंच फिटणार नाही, आणि ते डोक्यावर राहिलं तरी मला जड वाटत नाही. पाचही वेळच्या नमाजात त्यांचं नाव घेतो.

असो. पत्र लांबलं. कळावे, लोभ आहेच, तो तसाच राहो.

तुमचा,
नूरमहंमद

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. तीच मंडळी पुढच्या महिन्यात काष्टीला येणार आहेत. छबूबाईंना मी तुमचं नाव, घर आणि खोकला तिन्ही सांगून ठेवली आहेत, तेव्हा लपायची सोय उरली नाही. धुळीचं नाव काढू नका. कधीपासून खोकता, थुंकीत लाल दिसलं होतं की नाही, सगळं सांगा. माझ्यापुढं तरी खोड झाकू नका. तुमच्यावाचून काष्टीच्या बाजारात मी कोणाशी भांडू?

ता. क. दुसरा. राधाकाका, हे मेहताबचं. अब्बा बाहेर गेले आहेत. व्हरांड्यात शांत बसल्याचं वर लिहिलं आहे, ते त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. ते इतके रडत होते की दवाखान्याच्या रखवालदारानं त्यांनाच पेशंट समजून खाट दिली. पण मला दुसरंच सांगायचं आहे. छबू माझ्यावर गेलेली नाही. हुबेहूब अब्बांवर गेली आहे, भुवया जुळलेल्या, हनुवटीला खळी. त्यांना तिचं तोंड दिसतच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परवा पाटलांना सोडून त्यांच्या घोडीला सलाम केला आणि म्हणाले, मुद्दाम केला. छबूबाई म्हणतात नगरला उपाय होईल, पण अब्बा चाकूला भितात आणि मला काही झालं नाही म्हणतात. माझं त्यांनी सांगितलं, तसं मी त्यांचं सांगते आहे. तुम्ही खोकला दाखवायला नगरला जा आणि एकटं जायला भीती वाटते असं त्यांना कळवा. तुमच्या सोबतीसाठी ते येतील, स्वतःसाठी येणार नाहीत. हे त्यांच्याच पत्रात लिहायला मला भीती वाटत नाही. सही करायच्या आधी त्यांनी कागद हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला आणि झकास लिहिलंस म्हणाले. सही तुम्हाला पत्राच्या डोक्यावर उलटी दिसेल. मी ती तशीच राहू दिली आहे.