घोडीचा मागचा पाय

सूनबाई,

रात्री बाळाने तुला झोपू दिले नाही, म्हणून उठवले नाही. मी पहिल्या गाडीने डॉक्टरांकडे जातो आहे. काल वाकलो ती पाठ अजून सरळ होत नाही.

दुपारी नालबंद येईल. घोडीच्या मागच्या डाव्या खुराची चीर वर चढू लागली आहे. खूर आज तासला नाही, तर ती लंगडी होईल. तो येण्यापूर्वी तिला पाय देण्याचा एकदा सराव दे. हात थेट पायाला नेऊ नको. खांद्यापासून पाठीवरून, मांडीवरून सावकाश खाली उतरू दे. ती अंग चोरील, तेव्हा हात काढू नको, तेथेच स्थिर ठेव. तिने श्वास सोडला की पाय किंचित उचल, आणि तिने ओढून घेण्यापूर्वी आपणच खाली ठेव. नालबंदालाही असेच थांबत काम करायला सांग. तो कुरकुरेल, पण तुझे ऐकेल.

चिरंजीव दोर घेऊन येतील. "आबा, जनावराची मनधरणी किती करायची?" हे तू परवा ऐकलेच आहेस, आणि त्यापुढचे आमचे बोलणेही. गेल्या खेपेस त्यांनी पाय बांधला, तेव्हापासूनच ती तो देत नाही. वाद घालू नको. दोर काढून घे, त्यांना तिच्या डोक्यापाशी उभे कर आणि बोलत राहायला सांग. माझ्याशी त्यांनी अबोला धरला आहे, पण एकटे असले की घोडीशी ते पुष्कळ बोलतात. तेव्हा तिचे कान सैल पडतात, आणि मीही पागेच्या भिंतीआड जरा वेळ टेकून उभा राहतो.

आबा