टेन्शन घेऊ नका

४ मार्च २०२४, धुळे
आज पुन्हा तेच! वरण-बट्टीचा बेत, पाहुणे पंगतीत — आणि मी संडासात. सासूबाई बाहेरून मुद्दाम मोठ्यानं, "माहेरले गई का पोट बरं व्हई जास. बठ्ठं ढोंग शे." पाहुणे हसले. हितेंद्रही हसला. नवरा म्हणे!

११ मार्च
चौथा डॉक्टर. हितेंद्रच्या ओळखीचा. पोटाला हातसुद्धा न लावता म्हणाला, "आयबीएस आहे, वहिनी. टेन्शन घेऊ नका." दोन वर्षांत नऊ किलो वजन उतरलं. लोहाच्या गोळ्या गिळूनही हिमोग्लोबिन आठच्या वर जात नाही. तेही टेन्शननंच? विचारलं, तर हितेंद्रकडे बघून हसला.

२ एप्रिल, असोदा
आईकडे येऊन वीस दिवस झाले. लेकीची, ऋतिकाची शाळा, म्हणून तिला धुळ्यालाच ठेवलं. इथं रोज कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी. जुलाब थांबले, पोट फुगत नाही. म्हणजे सासूबाईंचंच खरं? माझं पोटही त्यांच्याच बाजूचं!

९ एप्रिल
आईनं जळगावला डॉक्टर मोहिनी मॅडमकडे नेलं. अर्धा तास विचारत होत्या. "आयबीएसमध्ये पोट दुखतं, जुलाब होतात. पण असं वजन उतरत नाही, रक्त कमी होत नाही. इथं काय खाता?" भाकरी. "आणि सासरी?" पोळी, बट्टी. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "गव्हाची शंका येते. तपासू. पण आधी सहा आठवडे रोज पोळी खायची. नाहीतर तपासणीत दिसणार नाही."
काय खाता — चार डॉक्टरांपैकी एकानंही विचारलं नव्हतं!

३ मे, धुळे
पोळी खाते. संडासात रडते.

२९ मे
आधी रक्त तपासलं, मग दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा. सिलिअॅक निघालं. गहू जन्मभर बंद. हितेंद्र म्हणाला, "म्हणजे आता तुझा स्वयंपाक वेगळा?" एवढंच!
मॅडम म्हणाल्या, "हे रक्ताच्या नात्यात असू शकतं. मुलीलाही तपासून घ्या."

८ जून
ऋतिकालाही तेच.
आठ वर्षांची आहे. वर्षभर रोज सकाळी पोट धरून बसायची. शाळा चुकवते म्हणून मी तिला मारलंय.