जे सोडलं ते बोलून सोडा

प्रिय माया,

जय भीम. परवा फोनवर तू रडत होतीस म्हणून मी काही बोलले नाही. "आई, हो की नाही, एवढंच सांग," म्हणालीस. एवढंच सांगता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. लिहून झालं की खालची दिपाली याचे फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर पियुषला म्हणावं, हसू नका जावईबापू, चाळिशीनंतर पाटी धरलेल्या बाईचं आहे.

इथे नागपुरात विधानसभेचं अधिवेशन सुरू आहे. सदरकडचे रस्ते बंद, मनीषनगरची बस कुठून कुठून फिरून येते. दिपाली अंगणवाडीवाल्यांच्या मोर्चात बसली होती. काल आली तेव्हा पाय सुजलेले, पण तोंड हसरं. मागितलं त्यातलं थोडंच मिळालं. मी म्हटलं, मग हासून काहून राहिली वं? तर म्हणते, "काकू, आज एवढं घेतलं. उरलेलं घ्याले पुढच्या वर्षी याच रस्त्यावर बसू, असं साहेबाच्या तोंडावर सांगून आलो." ती गेल्यावर तुझे बाबा आठवले. त्यांना आठवायला मला निमित्त लागतं असं नाही, पण काल फार आठवले.

तू समजावलंस ते मला असं समजलं. तिकडे परदेशात, तुमच्या राज्यात, कोणीही परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून हिंडू शकतो. तुम्ही जो कायदा मागितला त्यात दोन गोष्टी होत्या. पिस्तूल घेऊन बाहेर पडायचं तर आधी शिक्षण आणि परवाना. आणि दुकानात, दुकानाच्या आवारात ते न्यायचंच नाही. आता गावाकडचे दोन आमदार म्हणतात, दुकानाचं कलम काढा, मग आमची मतं तुमची. त्यांच्याशिवाय कायदा पडतो. आणि तुमच्या समितीतले लोक तुझ्या होकारासाठी थांबले आहेत, कारण कायद्याला देवराव रामटेके हे नाव द्यायचं ठरलं होतं. नाव बाबांचं, आणि बाबा जिथे गोळी लागून गेले ती जागाच वगळायची. तुला हे त्यांना विकल्यासारखं वाटतं. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाचे हाल पाहिले आणि राजीनामा दिला, मग मी कशाला मान डोलावू, असं तू विचारलंस.

ते मीही वाचलं आहे, बाई. पण मी पुढचं पानही वाचलं. राजीनामा त्यांनी गुपचूप दिला नाही. का दिला ते जगजाहीर केलं. आणि ते बिल नंतर तुकड्यातुकड्यांनीच पास झालं. उमरेडच्या माहेरच्या घरावर भावांच्या नावाखाली माझं नाव लागलं ते त्यातल्याच एका तुकड्यामुळे. तेव्हा तुकडा म्हणजे काहीच नाही, असं माझ्या तोंडून निघत नाही.

तुझ्या बाबांचा तर जन्मच तडजोडीत गेला. उमरेड गाडीवर कंडक्टर, म्हणजे जागेवरून रोज एक भांडण ठरलेलं. तिकीट फाडता फाडता मिटवायचे. वस्तीतले लोकही त्यांनाच बोलवायचे. पण त्यांची एक रीत होती. समेट झाला की दोघांना सगळ्यांसमोर उभं करायचे, आणि कोणी काय सोडलं ते ज्याच्या त्याच्या तोंडून मोठ्याने वदवून घ्यायचे. त्याशिवाय चहा नाही. वस्तीतल्या लहानूचं आणि त्याच्या भावाचं भिंतीवरून झालेलं भांडण आठवतं? नळ भावाच्या बाजूला गेला होता. लहानू उठून म्हणाला, "भिंत राहू द्या तिथंच, पण नळ माहा होता आन् मी तो सोडला." म्हणाला आणि रडला. पुढे भावाने आपणहून त्याला नळाला जोड दिली. बाबा म्हणायचे, मुकाट सोडलेलं आतल्या आत सडते, बोलून सोडलेलं पुन्हा मागता येते.

आता जे आपण दोघी टाळतो ते. कोर्टातून बाहेर येताना तू म्हणालीस, बाबांनी त्या माणसाला हात लावायला नको होता. तेव्हा तान्ही प्रणाली तुझ्या अंगावर पीत होती, तुझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण ते घडलं तेव्हा मी तिथे होते, माया. दुकानाच्या बाहेर ट्रॉली मोटारीला घासली म्हणून दोन माणसं भांडत होती. तुझे बाबा गाडीत शिरायचे तसे मध्ये शिरले. एका हातात कोथिंबीर, दुसरा हात त्या तापलेल्या माणसाच्या खांद्यावर. "जाऊ दे नं गा भाऊ, काहून तापून राहिला?" त्याला आपली भाषा कळणार नाही, हे यांच्या ध्यानातच आलं नाही. नागपुरात तो हात किती जणांच्या खांद्यावर पडला आणि माणूस निवला. तिथल्या माणसाला भीती वाटली म्हणे, आणि त्याचा हात कमरेकडे गेला. कोर्टाने ती भीती खरी मानली, त्याला सोडलं. मी मानत नाही. कमरेला काही नसतं तर तो हात तिकडे गेलाच नसता. बाबांचा हात चुकला नव्हता, पोरी. एवढं मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

तर माझं उत्तर ऐक. कायदा होऊ दे. शिकल्या-तपासल्याशिवाय कोणाच्या कमरेला पिस्तूल राहणार नाही, एवढ्यानेही कुठल्यातरी बाईचा माणूस भाजी घेऊन घरी येईल. त्या दोन आमदारांचा राग धरू नकोस. त्यांनाही गावात जाऊन आपण काय सोडलं ते सांगायचं आहे. पण बाबांचं नाव काढून घे. दुकानाचं कलम येईल त्या दिवशी लावा. मी नसले तर प्रणालीने लावावं.

आणि काय सोडलं, ते कायद्यावरच्या सुनावणीत सगळ्यांसमोर मोठ्याने बोललं गेलं पाहिजे. ते मी बोलणार. त्यांच्या अस्थी घेऊन परत निघाले तेव्हा विमानतळावर तुला म्हटलं होतं, या देशात पुन्हा पाय ठेवणार नाही. प्रणाली चालायला लागली, बोलायला लागली, तरी आले नाही. तो हट्ट आज सोडते आहे, आणि बघ, बोलून सोडते आहे. पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत अजून बाकी आहे, काल दिपालीकडून वाचून घेऊन खात्री केली. सुनावणीच्या आधीचं तिकीट काढ. मी मराठीत बोलेन, तू शेजारी उभी राहून इंग्रजीत सांग. सुरुवातीला मात्र मी काही बोलणार नाही. त्या सगळ्या लोकांसमोर तुझ्या खांद्यावर हात ठेवीन. बाबांनी कसा ठेवला होता, ते आधी त्यांना पाहू दे.

बॅग भरायला घेतलेली,
तुझीच आई