नानांचा पेला

साक्री
५ मार्च १९९१

प्रिय अक्का,

प्रभूमध्ये सलाम. हिलालदाजींनाही सलाम सांग. छकुलीचा खोकला गेला का? केळीच्या बागेतला ओलावा तिला सोसत नसेल. सकाळी तिला बाहेर नेताना कानाला फडकं बांधत जा. तू मला बांधायचीस तसं.

इकडे सर्व ठीक आहे. नानांचा गुडघा थंडीत दुखत होता, ऊन वाढलं तसा थांबला. साठी उलटली तरी पाळक म्हणून चार वाड्यांवर उपासना घ्यायला सायकलवरच जातात. तुझं पत्र आलं की विचारतात, "बरी आहे ना?" आणि मी उत्तर देईपर्यंत चाकात हवा भरायला बसतात. पण पंपाचा आवाज येत नाही, म्हणजे ऐकत असतात.

बालवाडीत या वर्षी एकतीस मुलं आहेत. मागच्या आठवड्यात घरी आल्यावर पिशवीत शाळेचा एक खडू निघाला. भर उन्हात परत गेले आणि ठेवून आले. नाना म्हणाले, "लिदी, स्वर्गात तुला खडू वाटायचंच काम देतील." ते हसले. मला हसू आलं नाही. मी कशी आहे ते तुला ठाऊकच आहे.

यशोदाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. त्यांचं नाव आलं की तू पत्राची घडी घालतेस, पण आज पुढे वाच. तुझं आणि दाजींचं मंडळीच्या पंचांना त्यांनीच सांगितलं, असं तू सात वर्षं धरून आहेस. त्याबद्दल मला काही लिहायचं होतं. पुढच्या पत्रात लिहीन.

त्यांना दिसत नाही म्हणून जानेवारीपासून दर महिन्याच्या प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडे आली आहे. काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, फडक्यातून गाळायचे, इवले पेले भरायचे, आणि उपासनेनंतर धुऊन पेटीत ठेवायचे. मंडळीचे पेले थाळ्यात, नानांचा वेगळा, टेबलावर पवित्र शास्त्राशेजारी. जानेवारीत तो भरलेलाच परत आला. वाटलं, विसरले असतील. फेब्रुवारीतही तसाच.

म्हणून परवाच्या रविवारी मी एक वेगळीच गोष्ट केली. सगळ्यांनी पेले हातात घेतले, माना खाली घातल्या, डोळे मिटले, आणि मी डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदा. नानांनी पेला उचलला. ओठांपाशी नेलाच नाही. कुठेतरी बघत राहिले आणि तसाच खाली ठेवला. भाकरीचा तुकडाही ताटलीतच होता.

आठवतं, आपली पहिली शाळा म्हणजे नानांची ओसरी? चौथीपर्यंत मला त्यांनीच शिकवलं. सकाळी पाढे, दुपारी प्रश्नोत्तरं. "देव कसा आहे?" "देव न्यायी आहे." मी इथेच अडायचे. पुढचं उत्तर "देव प्रीती आहे" असं होतं, पण ते तोंडातून निघायचं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे मला कळत नसे, आणि भीती मात्र पहिल्याचीच वाटे. जो अयोग्यपणे हे भोजन घेतो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं शास्त्रात आहे. म्हणजे नाना स्वतःला अयोग्य समजतात. अक्का, आपल्या नानांनी असं काय केलं असेल?

दुसऱ्या कोणाला विचारवत नाही. तुला काही ठाऊक असेल तर कळव.

तुझी लाडकी,
लिदी


साक्री
१८ मार्च १९९१

प्रिय अक्का,

सलाम. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण आणखी थांबले तर पुन्हा खडू, खोकला आणि गुडघ्याबद्दलच लिहीन.

आधी एक दुरुस्ती. नाना "कुठेतरी" बघत होते असं मी लिहिलं. ते बायकांच्या बाजूला, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडे बघत होते. तिथे तू बसायचीस.

मी यशोदाबाईंकडे गेले. अंगणात चाचपडत लसूण सोलत बसल्या होत्या. मी पेल्याचं विचारलं.

"तुले आते दिसनं का?" त्या म्हणाल्या. "मी सात वरीस धुतात ते पेला. तुना बापना पेला एकदा बी रिता उना नही."

"मग तुम्ही त्याचं काय करता?"

"काय करसू? प्रार्थनामंदिरना मांगे पपईना झाड शे, त्याले वतस. म्हणीसन त्या पपया इतल्या गोड!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसल्या.

मग म्हणाल्या, "मार्थानं नाव वाचं, त्या दिनपासून."

म्हणजे नानांनी मंडळीसमोर तुझं नाव वाचलं, तेव्हापासून. मी विचारलं, "आणि तुम्ही? अक्का तुम्हाला चारचौघांत नको ते बोलली. सात वर्षं तुम्ही तिला खरं का सांगितलं नाही?"

"तू चौदा वरीसनी पोर व्हती. मनी पाठ रुंद शे." त्यांनी स्वतःच्या खांद्यावर थाप मारली आणि माझ्या हातात लसूण ठेवला. "सोल. नुसती रडत नको बसू."

अक्का, तुझ्या लक्षात आलं असेल. पंचांना मीच सांगितलं.

प्रभुभोजनाआधी पंच घरोघरी जायचे, तसे तोतारामभाऊ त्या शनिवारी आपल्याकडे आले होते. त्यांनी तुला विचारलं, "मार्था, मन साफ आहे ना? काही सांगायचं आहे?" तू "नाही" म्हणालीस आणि चहा करायला आत गेलीस. मग ते गमतीने माझ्याकडे वळले, "आणि तुमचं काय, छोट्या मास्तरीणबाई?" त्यांना काही ऐकायचंही नव्हतं. मी सगळं सांगितलं. शिवणक्लासच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या, धुळ्याचं बसस्टँड, हिलालदाजींचं नाव, पळून जायची तुम्ही ठरवलेली तारीख. तू चहा घेऊन बाहेर आलीस तेव्हा मी वहीत गिरवत बसले होते.

देवाच्या भीतीने सांगितलं, असं मी स्वतःला समजावत आले. तेही खोटं नाही. पण आई गेल्यापासून माझी वेणी तू घालायचीस, आणि तू जाणार होतीस. तुला कोणीतरी अडवावं असं मला वाटलं. खरं कारण ते होतं.

दुसऱ्या दिवशी तू भाकर घेतलीस. सोमवारी पंचांनी विचारल्यावर सगळं कबूल केलंस आणि पिशवी उचलून दाजींकडे निघून गेलीस. पुढच्या रविवारी नानांनी तुझं नाव वाचलं. "स्वतः येऊन बोलेपर्यंत मार्थाला प्रभुभोजनाच्या टेबलापासून दूर ठेवण्यात येत आहे." आवाज कापला नाही त्यांचा. मी त्या आवाजाला सात वर्षं भ्याले. आणि दर महिन्याला स्वतः भाकर घेत आले. ती गिळताना दर वेळी वाटायचं, आज दंड येणार.

यशोदाबाईंकडून मी सरळ घरी आले. नाना सायकलची ट्यूब बादलीत बुडवून पंक्चर शोधत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "नाना, तुम्ही पेला का घेत नाही?"

त्यांनी ट्यूब थोडी फिरवून पुन्हा पाण्यात दाबली.

"नाव मीच वाचलं ना?"

"चुकलं असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. लग्नाचा माझा राग केव्हाच गेला, पोरगा सरळ आहे. पण ती पंचांशी खोटं बोलून टेबलाशी आली. मी ते खोटं नाहीच असं म्हटलं असतं, तर ती परत येऊन बोलणार काय आणि कोणाशी?"

"मग पेला?"

"घरातली एक पोर उपाशी बाहेर बसली आहे आणि बाप आत जेवतो आहे, असं घर तू कुठे पाहिलंस?"

मी म्हटलं, "मंडळीला सांगायचं तरी."

"म्हणजे लोक तिला म्हणणार, बघ, बापाला उपाशी ठेवते. तिच्या वाट्याचं आहे तेवढं पुरे. हे माझं आहे."

अक्का, अंगणात ऊन होतं, शेजारचा रेडिओ चालू होता, आणि माझ्या अंगावर काटा आला. मी लहानपणापासून दोघांना ओळखत होते. एक उंच आसनावर बसून नावं वाचणारा, आणि एक क्रूसावरचा. पहिल्यापासून मला वाचवायला दुसरा मध्ये पडतो, असं मी समजत होते. आणि मनात सतत भीती, की एखाद्या दिवशी पहिला त्याचं ऐकणार नाही. त्या दिवशी बादलीपुढे उकिडवं बसलेल्या, हात ओले झालेल्या माणसात मला दिसलं की ते दोघे नाहीतच. ज्याने नाव वाचलं तोच उपाशी आहे. वाचलेलं त्याने खोडलं नाही, हलकं केलं नाही, आणि त्याखाली स्वतः जाऊन बसला. सात वर्षं, कोणालाही न सांगता, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना.

एका म्हाताऱ्या पाळकाला हे जमतं, तर ज्याच्याकडून तो हे शिकला तो केवढा असेल! मला गुडघे टेकावेसे वाटले, पण पंक्चरच्या सामानात जागा नव्हती. उभीच राहिले. प्रश्नोत्तरातलं दुसरं उत्तर मात्र त्या वेळी आपोआप ओठांवर आलं.

मी विचारलं, "अक्काला हे लिहू?"

नानांनी ट्यूब फडक्याने कोरडी केली. "तिला ओढून आणायला लिहू नकोस. तुझं जे आहे ते लिही."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. तोतारामभाऊंनी तेव्हाच सांगितलं असणार. पंक्चरवर ठिगळ लावत म्हणाले, "जेवायला वाढ. दोन ताटं घे, नुसतं माझं वाढून बसू नकोस."

तर हे माझं आहे. खडू परत करायला उन्हातून गेले आणि हे सात वर्षं पिशवीत ठेवलं. यशोदाबाईंवर तू केलेला राग माझा होता, तो माझ्याकडे वळव. त्यांना दोन ओळी लिहिल्यास तर मी वाचून दाखवीन, त्यांना आता अक्षर दिसत नाही.

एकतीस तारखेला पुनरुत्थानाचा सण आहे. पेटीत पेले जादा आहेत, आणि साक्रीची गाडी धुळ्याहून केव्हा सुटते ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण ये असं मी म्हणत नाही, मला मनाई आहे. माझा न्याय तेवढा कर. "सौम्यपणे कर" असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे, तुला खाडाखोड दिसेल. खरा कर. तो तू करणार आहेस, म्हणून मला आता त्याची पूर्वीसारखी भीती वाटत नाही.

जिची वेणी तू घालायचीस
आणि जिने तुझं नाव सांगितलं,
ती तुझी
लिदी