दोन ठोके

६ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! लाकडं वाहणाऱ्या गाडीच्या मागच्या फळीवर बसून अंगाचा पार खुळखुळा झाला, पण नोकरी लागली, डोक्यावर छप्पर आलं. शिवाय मावशीचं म्हणणं खरं झालं. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं आणि चिडली की एकच वाक्य असायचं: जा खड्ड्यात! उद्यापासून रोज सकाळी जाणार आहे, तेही पगारी.

काम असं आहे. रानाच्या कडेला दीड पुरुष खोल, लांबट खड्डा आहे. त्यावर झाडाचं खोड आडवं टाकतात. एक जण खोडावर उभा राहतो, एक खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये माणसाएवढी उभी करवत. वरचा करवत उचलतो आणि खोडावर मारलेल्या काळ्या रेघेवर धरतो. खालचा ओढतो. लाकूड कापलं जातं ते ओढताना. मेहनत खालच्याची आणि फळीवर नाव वरच्याचं, असं मुकादम हसत म्हणाला. माझ्या जागी आधी कोण होतं विचारलं, तर त्याला एकदम गाडीच्या चाकाचं काम आठवलं.

राहायला अवजारांची कोठी मिळाली. फळ्यांचा पलंग, एक खिडकी, राळेचा वास. झाडं तोडणारी मंडळी आत रानात मुक्कामाला गेलीत. इथे मी, पलीकडे चुलीपाशी स्वयंपाकाच्या काकू, आणि ओढ्यापल्याडच्या खोपटात वरचा. त्याला सगळे वरचा असंच म्हणतात. चाळीस गावांचं भांडण उकरून काढल्यासारखा चेहरा आहे त्याचा.

७ नोव्हेंबर

नाकी नऊ आले. भुसा केसांत, कानांत, दातांत. थुंकलो तरी भुसाच. तळाशी घोटाभर पाझरपाणी असतं, त्यात पाय दिवसभर भिजून पांढरे पडले. भिंतींची माती अडवायला फळ्या ठोकल्यात, पण एका बाजूच्या फळ्यांना पोट आलंय आणि फटीतून माती गळत असते.

वरच्याने सकाळी काय ते एकदाच सांगितलं. मान वर करायची नाही, डोळे जातील. दिवस संपला की तो मोगरीने खोडावर दोन ठोके देणार. मग खालच्या मुठीची पाचर सैल करायची, मूठ काढून वर द्यायची. त्याशिवाय हात सोडायचा नाही, कारण अर्ध्यात सोडली तर करवत वरच्याला घेऊन खाली येते. ठोके म्हणजे ठोके, असं तो पुन्हा म्हणाला आणि दुसरीकडे बघत राहिला.

दिवसभरात मला त्याच्या चपलांचे तळ तेवढे दिसले. संध्याकाळी ठोके पडले, मूठ वर दिली, शिडी चढून आलो तर गडी निघूनही गेला होता.

१२ नोव्हेंबर

आठवडाभरात कुणाशी धड दहा वाक्यं बोललो नसेन. काकू वाढतात, पण त्यांचं बोलणं पातेल्याशी. मावशीची कटकटसुद्धा आठवते. म्हणून ही वही आता खिशातच ठेवतो, रेघा मारायच्या जाड पेन्सिलीने जेवणाच्या सुट्टीत खड्ड्यातच लिहितो. गंमत म्हणून आज करवतीला दोन बारीक हिसके दिले, नमस्कार म्हणून. वरच्याने खोडावर जोरात पाय आपटला. बरं बाबा, नाही करत नमस्कार.

१५ नोव्हेंबर

आज जवाब आला! सवयीने दोन हिसके देऊन बसलो, आता पाय आपटणार म्हणून मान आखडून घेतली, तर वरून तसेच दोन हिसके आले. मी तीन दिले, त्याने तीन दिले. दिवसभर आमचं हेच चाललं होतं, आणि करवतही लोण्यातून जावी तशी चालली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भुशाचं नव्हतं. कुणीतरी आहे.

ठोके द्यायला मात्र विसरला. अंधारून आलं, काकूंनी हाक मारली, तेव्हा हळूच मूठ सोडून वर आलो. नेहमीप्रमाणे तो गेलेला.

१७ नोव्हेंबर

आजही ठोके नाहीत. राग येत नाही. त्याला माझ्यासारखंच घरी जाववत नसावं.

१८ नोव्हेंबर

जेवताना वरच्याची स्तुती केली, माणूस फणस निघाला, वरून काटे आणि आत गरे, म्हटलं. काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या म्हणाल्या, अरे, त्याचा पाय मुरगळलाय, पंधरा तारखेपासून तो खोपटात पडून आहे. दोन्ही वेळचं जेवण त्याच पोचवतात. मुकादमाने मला सांगितलं असेल असं त्यांना वाटलं. मी खड्ड्यात एकटा काय करतो, हे त्या मलाच विचारत होत्या.

कंदील घेऊन गेलो. खोडावर चढून पहिल्यांदाच वरून पाहिलं. काप हातभर पुढे सरकलाय, काळ्या रेघेवर अगदी सरळ. खोडावर भुशाचा पातळ थर आहे. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

वरच्याकडे गेलो होतो. सुजलेला पाय उशीवर ठेवून पडला होता. मी सांगितलं ते ऐकून तो भिंतीकडे तोंड करून रडू लागला.

माझ्या आधीचा खालचा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. कशावरून तरी दोघांची जुंपली. हा रागाने ठोके न देताच घरी निघून आला. बसू दे लेकाला, जिरेल जरा, असं मनात होतं. धाकटा हट्टी होता. ठोक्याशिवाय वर येणार नाही म्हणजे नाही. मूठ धरून बसून राहिला. अंधार पडताना भिंत कोसळली. उकरून काढला तेव्हा हात मुठीवर होता, तो कुणालाच सोडवता आला नाही. मुठीसकट नेला. आता आहे ती मूठ नवी.

वरच्याने खड्डा बुजवायला सांगितलं होतं. मुकादमाने फळ्या ठोकल्या आणि मला आणलं.

मला म्हणाला, तू खड्ड्यात जाऊ नकोस बाबा. पाय टेकता आला की मी येतो आणि माझे ठोके देतो. तेव्हाच द्यायला हवे होते.

नाही जाणार. परवा गाडी येते. मावशीकडे जाईन, तिच्या शिव्या खाईन.

२० नोव्हेंबर

कोठीतच आहे. भरदुपारी आवाज येतोय. करवत वर जाते, थांबते. ओढणारं कुणी नाही, म्हणून थांबते. मग दोन हिसके.

कान बांधून पाहिले. भीती वाटते, खूप वाटते. पण त्याहून वाईट वाटतं. असं ताटकळत बसणं मला माहीत आहे.

२१ नोव्हेंबर

गेलो. थोडाच वेळ म्हणून गेलो. काकूंच्या हाका ऐकूच आल्या नाहीत; त्यांनी शिडीवरून येऊन कॉलर धरून वर काढलं. गाडी निघून गेली होती.

बोटं सरळ होत नाहीत. मुठीवर असल्यासारखी वाकलेलीच राहतात. वाडगा धरता येईना, काकूंनी भरवलं.

२२ नोव्हेंबर

काकूंनी कोठीला बाहेरून कडी घातली. खिडकीतून गेलो.

फळ्या आणखी फुगल्यात. माती खांद्यावर पडते आहे. झटकायला हात लागतो, आणि हात —

एकदा वर पाहिलं. डोळ्यांत भुसा गेला, पण पाहिलं. चपलांचे तळ नाहीत. फक्त आभाळाची फट आणि करवत धरलेले दोन हात. नखांत ओली माती.

२३ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितोय. उजवा मुठीवर आहे. पाणी गुडघ्यापर्यंत —

काकूंचा आवाज. आणि वरचा! काठी टेकत, काकूंच्या खांद्यावर भार टाकून आलाय. काठावर उभा आहे, स्पष्ट दिसतोय. धाकट्याला हाक मारतोय. चुकलो रे, म्हणतोय. घरी चल.

ठोके पडले. दोन.

करवत थांबली. अगदी थांबली. बोटं आपोआप सैल झाली. सुटलो. पाचर काढली, मूठ वर दिली, वरच्याने ती छातीशी धरली. काकूंनी शिडी सोडलीय. चढ म्हणतायत, लवकर, भिंत हलते आहे. मावशी, येतोय मी —

करवत हलली. बिनमुठीची. दोन बारीक हिसके. नमस्कारासारखे.

बिचारा. त्याने कधी हट्ट केला नाही माझ्याकडे. नुसत्या पात्यालाही धरता येतं. वरचा ओरडतोय, नको म्हणतोय. हो, आलोच. ही एक ओढ तेवढी पुरी करतो, आणि