साबणाच्या वासाचं दूध

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार वगैरे घालत नाही, तू म्हणशील हिला काहीतरी हवंय. आम्ही सगळे ठीक. तू कशी आहेस तेही विचारत नाही, कारण तू 'मस्त' म्हणणार आणि मी ऐकून घेणार. भाऊजी उद्या तुला आणायला निघतील, तेव्हा तुझ्या धुतलेल्या कपड्यांच्या पिशवीत हे पत्र टाकते. फोनवर बोलले असते, पण तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाई आपलं सगळं ऐकतात आणि वर सल्लेही देतात.

आधी तुझ्या ठकूची बातमी. खालचे दोन दात आलेत आणि त्यांचा पहिला प्रयोग माझ्या लेकाच्या, बोक्याच्या दंडावर झाला. एवढा थोराड गडी, पण भोकाड पसरलं. अगदी बापावर गेलाय. ठकू मात्र शांतपणे त्याच्याकडे बघत होती, तू हिशोब चुकलेल्या माणसाकडे बघतेस तशी. आई दोघांना अंघोळ घालायला बसते आणि शेवटी स्वतःच न्हाऊन निघते.

तुझं दूध पुरतंय का, असं तू प्रत्येक फोनवर विचारतेस. उलट्या होत असतात, आवाज फुटत नसतो, तरी पहिला प्रश्न तोच. मी 'पुरतंय गं' म्हणते. पुरतंयच. त्याबद्दलच लिहायला बसलेय आणि बोक्याच्या दंडावर अर्धं पान घालवलं.

ताई, तुझं दूध पुरतंय, कारण ठकू ते पीतच नाही.

हुश्श. लिहिलं बाई एकदाचं.

तुला ती गाठ लागली तेव्हा दूध साकळलं असेल म्हणून तू गरम फडक्याने शेकत होतीस. डॉक्टरीणबाईंनाही आधी तेच वाटलं होतं. मग तपासणी झाली, आणि उपचार सुरू झाले की अंगावर पाजायचं नाही म्हणून सांगितलं. उपचार सुरू होईपर्यंत तू तो पंप घेऊन जी बसलीस! ना धड जेवण, ना झोप. माझा फ्रीज गच्च भरलास. प्रत्येक पिशवीवर तुझ्या अक्षरात चिठ्ठी. 'सकाळचं, घट्ट.' 'हे रडत काढलंय, तिला सांगू नकोस.' मटारच्या पिशवीवरसुद्धा 'मटार' लिहिलंस, जसं काही मी ठकूला मटार पाजणार होते.

तू गेल्यावर पहिली पिशवी वितळवली. ठकूनं एक घोट घेतला आणि भुर्रकन उडवला. वास घेतला तर साबणाचा. मी ह्यांच्यावर उखडले, बाटली नीट विसळता येत नाही का म्हणून. त्यांनी बिचाऱ्यांनी बाटल्या तीनतीनदा उकळल्या. तरी प्रत्येक पिशवीला तोच वास. शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरनी सांगितलं, काही जणींचं दूध गोठवलं की असंच होतं. बाधत नाही, पण पोरं तोंड फिरवतात. गोठवायच्या आधी जरा तापवलं असतं तर टळलं असतं म्हणे. आपल्याला कुठं माहीत होतं? मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून इतकी रडले, की आईला वाटलं दवाखान्यातून फोन आला.

डब्याचं दूध दिलं, तर पोट धरून कळवळायची. एकदा ती अशीच भुकेनं रडत होती आणि मला पान्हा फुटला. ब्लाऊज भिजला. मी तिला घेतलं, ताई. विचार केलाच नाही. ती लुचायला लागली आणि तिची मूठ सुटली. तेव्हापासून दोघंही माझ्याच अंगावर आहेत. आई माझ्या ताटात दुप्पट वाढते. परवा शेजारच्या काकू आल्या, ठकूला माझ्या कुशीत बघून मावशीवरची ती जुनी म्हण सुरू करत होत्या. अर्धी तोंडात असतानाच मी त्यांना दार दाखवलं. काय बाई तरी बोलतात!

आजवर सांगितलं नाही, कारण तुझा जीव त्या पिशव्यांत होता. आणि आता सांगतेय, कारण तू दारात येशील, हात पुढे करशील, आणि ती माझ्याकडे वळेल. ते तुला आधी माझ्याकडून कळावं. माझ्यावर चिड, हवं तर बोलू नकोस, पण तिच्यावर रुसू नकोस. तिला भूक तेवढी कळते.

आणि तू म्हणालीस, 'सुट्टी मिळाली, आता घरचं खाऊन बरी होते.' भाऊजींनी मला खरं सांगितलंय. डॉक्टरांकडे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तुलाही सांगितलंय आणि तू ते ऐकून घेतलंस, तेही. तू माझ्यापासून लपवलंस, मी तुझ्यापासून. फिटंफाट. पण मला हे सहन होत नाही गं. अजिबात होत नाही.

एक राहिलं. ठकू आता वरचं खायला लागलीय. काल मी केळं कुस्करलं आणि तुझी एक पिशवी वितळवून त्यात कालवली. केळ्याच्या वासात साबण कुठल्या कुठे गेला. तिनं वाटी चाटूनपुसून साफ केली आणि चमचा सोडेना. तुझंच दूध, ताई. पोटभर.

आज मात्र दिलं नाही. उरलेल्या पिशव्या तशाच ठेवल्यात, केळी आणून ठेवलीत, खिडकीपाशी तुझी खुर्ची मांडलीय. तुला हाताला जोर नसेल तर मी तुझं कोपर धरीन. पण चमचा तू धरायचा. ती रोज हात पसरून कुणाला तरी 'मम्मम्' म्हणते. मी मुद्दाम ओ देत नाही.

लवकर ये.

ठकूची मावशी,
मावशीच