मागच्या दारची धामण

आई, काल शेजारच्या घरात नव्याने राहायला आलेली सून भिंतीवरून विचारत होती, घुशींना तुम्ही कुठलं औषध घालता म्हणून. तिने हौसेने लावलेलं आलं आणि हळद घुशींनी दोन दिवसांत उकरून टाकलं होतं. मी तिला पिंजरा देऊ केला, बिळात खडी आणि काचा कशा ठेचून भरायच्या ते सांगितलं, आणि बोलता बोलता आपल्या धामणीची गोष्ट निघाली. मी म्हणाले, आमच्याकडे पूर्वी एक धामण होती, ती चुकून मारली गेली. 'चुकून' हा शब्द माझ्या तोंडून इतका सहज गेला की नंतर भाजी निवडतानाही तो कानात राहिला. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुमच्यासमोर मला तो शब्द वापरता आला नसता. तुम्ही नाही म्हणून वापरता आला, आणि ते मला बरं वाटलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मी या घरात आले ते त्र्याण्णव साली. त्याआधीची माझी सगळी वर्षं नाशिकरोडला क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर गेलेली. माती म्हणजे तुळशीच्या कुंडीतली, एवढीच माझी ओळख. तुम्ही मखमलाबादच्या, भाजीचा मळा असलेल्या घरातल्या. सासऱ्यांच्या नोकरीपायी शहरात आलात आणि इंदिरानगरच्या या बैठ्या घरामागे जी अर्धा गुंठा जागा उरली होती, तिच्यात जमेल तेवढा मळा करून ठेवलात. पेरू, लिंबू, दोडक्याचा मांडव, वांगी, आळू, रताळी, कडेने शेवंती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मागची वांगी चिरायला दिलीत. निम्मी किडकी होती, मी ती बाजूला टाकत गेले. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून पाहत होता. मग टाकलेली वांगी पुन्हा ताटलीत घेतलीत, विळीवर कीड तेवढी काढलीत आणि म्हणालात, "अळीनं निम्मं खाल्लं, निम्मं आपल्याला ठेवलं. ते बी टाकायचं व्हय?" पुढे कितीतरी दिवस मला वाटत राहिलं की या घरात अळीला माझ्यापेक्षा जास्त मान आहे.

पण तुम्ही संत नव्हता, हेही लिहायला हवं, कारण आता घरात तुमचा विषय निघाला की सगळे तुम्हाला फार मऊ करून टाकतात. मावा पडला की तुम्ही पानं दवाने ओली असताना राख उधळायचात, जास्वंदीवर तंबाखूचं पाणी मारायचात. लिंबाच्या पानावरच्या, पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या वेचून चपलेखाली घालायचात. पिंजऱ्यात घूस सापडली की पिंजऱ्यासकट ती पाण्याच्या पिंपात बुडवायचात, हात धुवायचात आणि चहाचं आधण ठेवायचात. पेरूचा शेंडा पोपटांचा आणि खालच्या फांद्या आपल्या, अशी तुमची वाटणी होती. खालच्या पेरूंना तुम्ही जुन्या परकराच्या पिशव्या शिवून बांधायचात. पोपटांनी वाटणी मोडली की शिव्या द्यायचात, त्याही मळ्यातल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ऐकायची आणि हसू दाबायची.

धामण तुम्हीच मला दाखवली होती. मागच्या भिंतीला लागून जुन्या कौलांचा आणि सरपणाचा ढीग होता, त्यात ती राहायची. एका दुपारी तुम्ही मला हाताला धरून दारापर्यंत नेलंत. ती ढिगावर ऊन खात पडली होती, मातकट पिवळी, माझ्या उंचीहून लांब. तुम्ही हळू आवाजात मला सगळं समजावलंत: हिला फणा नाही, डोळे बघ किती मोठे, शेपटीकडे जाळी बघ. "हिला इख नसतं. घुशी खाती ती. आपली राखण हाय," म्हणालात. मी मान डोलावली. पण त्या दिवसापासून मी मागे एकटी गेले नाही. धुणं वाळत घालायचं ते तुम्ही असाल तेव्हाच.

मग तुमची नात झाली. ती रांगायला लागली तशी माझी नजर सारखी त्या ढिगाकडे जायला लागली. माझी आई आली होती तेव्हा तिने तो ढीग पाहून कपाळाला हात लावला. मी तुमच्या मुलाला म्हटलं की ढीग हलवा. तो म्हणाला, आईला विचार. मला ते विचारणं जमलं नाही. आज शोधते तेव्हा त्याचं कारण फक्त भीती हे नाही, असं दिसतं. पुढचं अंगण तुमचं, मागचं तुमचं, स्वयंपाकघरातला डबा कुठे ठेवायचा तेही तुमचंच चाले. मी कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर कारकुनी करून घरी यायची आणि इथेही कुणाच्या तरी परवानगीनेच वागायचं, असं मला वाटायचं. तुम्ही कधी नाही म्हणाला नव्हता. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या एप्रिलात तुम्ही भाचीच्या लग्नाला सिन्नरला गेलात, दोन दिवसांसाठी. तुमचा मुलगा कामावर. मी रजा घेतली होती. दुपारी उकाड्यामुळे उघड्या ठेवलेल्या मागच्या दाराच्या उंबऱ्यात पोर वाटी-चमचा घेऊन बसली आहे, मी आत पोळ्या लाटते आहे. वाटीचा आवाज थांबतो म्हणून मी वळून पाहते. धामण धुण्याच्या दगडावरून उतरून भिंतीकडे निघाली आहे, तिला आमच्याशी काही देणंघेणं नाही. पण ती पोरीपासून हातभर अंतरावरून चालली आहे आणि पोरीने हात पुढे केला आहे. मी पोरीला कशी उचलली ते आठवत नाही. आत पलंगावर ठेवलं, दार लावलं, खिडकीतून पाहिलं. ती ढिगाशी पोचली होती. फणा नव्हता, डोळे मोठे, शेपटीकडे जाळी. मला सगळं नीट दिसलं, आई. आणि मग मी मागच्या प्लॉटवरच्या बांधकामाकडे तोंड करून ओरडले, "नाग आहे, नाग."

धामण म्हटलं असतं तर कुणी आलं नसतं, हे मला कळत होतं. नाग म्हटल्यावर चौघे जण पहारी आणि बांबू घेऊन भिंत ओलांडून आले. फार वेळ लागला नाही. त्यातला एक वयस्कर मजूर तिला बांबूने उलटवून पाहत राहिला आणि म्हणाला, "बाई, ही तं धामण हाये. नाग म्हणल्या तुम्ही." मी म्हणाले, घाबरले, नीट दिसलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीच्या रडण्याकडे कान दिला आणि बांबू भिंतीला टेकवला. मी त्यांना चहा केला. आणि त्यांचा चहा होईपर्यंत सुचलं म्हणून सांगितलं, की आता आलाच आहात तर तो ढीगही उचलून न्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीने परत आलात. फाटकापाशीच शेजारच्या काकूंनी तुम्हाला गाठलं. मी दाराआड उभी होते. त्या सांगत होत्या की तुमच्या सुनेने नाग नाग म्हणून धामण मारून घेतली, पाप की हो हे. तुमच्या हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी होती. तुम्ही ती या हातातून त्या हातात घेतलीत आणि म्हणालात की मीच सांगून गेले होते तिला, लहान पोर आहे घरात, दिसली तर मारून घे म्हणून. काकू आपल्या फाटकाकडे वळल्या. तुम्ही आत आलात, पाय धुतलेत, पाणी प्यायलात आणि मागचं दार उघडून बराच वेळ त्या मोकळ्या भिंतीकडे पाहत उभ्या राहिलात. मी वाट पाहत होते की आता बोलणार. तुम्ही पोरीला मांडीवर घेतलंत, तिला लाडवाचा तुकडा भरवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "भ्यालीस, त्याचं काय नाय. लेकरू व्हतं. मला म्हणली असतीस तर ढीग मीच उचलला असता. पण तिला नागाचं नाव कशाला दिलंस?"

मी लाडवांची पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेले. तुम्हीही पुन्हा तो विषय काढला नाहीत, ना त्या दिवशी, ना पुढच्या दहा-बारा वर्षांत.

पावसाळ्यानंतर घुशींनी मागचा भाग ताब्यात घेतला. एका धामणीने त्यातल्या किती खाल्ल्या असत्या देव जाणे. आजूबाजूचे प्लॉट एकेक करून खोदले जात होते, तिथल्या घुशींनाही कुठेतरी जायचंच होतं. पण मला प्रत्येक बीळ माझ्या नावाचं वाटायचं. रताळी गेली, आळूचे कंद गेले, मग स्वयंपाकघरातली एक फरशी खचली. मी बाजारातून घुशीच्या औषधाची पुडी आणली. तुम्ही ती हातातून काढून घेतलीत. मळ्यात असल्याच एका पुडीने दोन मांजरं आणि एक कुत्रा गेला होता, म्हणालात. घूस मेली कुठे आणि खाल्ली कुणी, हे आपल्याला कळत नाही. मग मी पिंजऱ्याचं काम मागून घेतलं. पहिली घूस सापडली तेव्हा ती जाळीला दात लावून माझ्याकडे बघत होती. माझ्याने पिंपात बुडवेना. पिंजरा गोणपाटात गुंडाळून मोपेडवर पायांपाशी ठेवला आणि पार सोमेश्वरच्या पुढे जाऊन एका मळ्याच्या बांधाला सोडून आले. तुम्ही विचारलंत, कुठे सोडली. मी सांगितलं. तुम्ही एवढ्या हसलात की पदराने डोळे पुसावे लागले. "म्हणजे दुसऱ्याच्या वांग्यावर सोडून आलीस," म्हणालात. मलाही हसू आलं. धामण गेल्यानंतर आपण दोघी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. त्यानंतर बुडवायचं काम तुम्ही पुन्हा आपल्याकडे घेतलंत आणि मला बिळं बुजवायला लावलंत. त्या हिवाळ्यात रोज ऑफिसातून आले की आपण दोघी खडी ठेचायचो, सिमेंट कालवायचो. मातीत हात घालायला मी तिथे शिकले.

पण जिथे तो ढीग होता त्या भिंतीजवळ, दोडक्याच्या गर्दीत माझा पाय अजूनही अडायचा. तुम्ही ते पाहिलं असणार. दिंडोरीला कुणाकडे तरी गेलात आणि येताना कागदात गुंडाळलेले काळे गमबूट घेऊन आलात, द्राक्षबागेत फवारणीवाले घालतात तसे, गुडघ्यापर्यंतचे. माझ्या मापाचे. "घाल आन् जा बिनघोर," एवढंच म्हणालात. साडीवर गमबूट घालून मी वांग्यांना पाणी घालायची तेव्हा अख्खी कॉलनी हसली. तुम्ही मात्र हसला नाहीत. भिऊ नकोस, असंही तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत. आज मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

शेवटची दोन वर्षं तुम्ही मागच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मला हुकूम सोडायचात. मी माव्यावर राख टाकायची, अळ्या वेचायची, तुम्ही तिथून सांगायचात की पानाच्या खालून बघ. गणपती उठून आठ दिवस झाले होते तेव्हा तुम्हाला दवाखान्यात हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. त्या तीन दिवसांत मला एकदा तुमच्यापाशी एकटं बसायला मिळालं होतं. तेव्हा सांगता आलं असतं की मला सगळं नीट दिसलं होतं. तुम्हाला ते ठाऊकच होतं, अशी मी माझी समजूत घातली आणि तुमच्या तोंडाला पाणी लावत राहिले.

आता मागे धामण येत नाही. चारी बाजूंना इमारती झाल्या, भिंती उंच झाल्या. मी घुशींसाठी पिंजराच लावते, आणि माझ्याने अजूनही बुडवत नाही. तुमचा मुलगा तोंड वाकडं करून ते करतो. उद्या त्या शेजारच्या सुनेला पिंजरा द्यायला जाईन तेव्हा 'चुकून' हा शब्द परत घेईन का, ते मला माहीत नाही. घ्यावा असं वाटतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला वाचायला द्यायचं नाही, तेव्हा आणखी एक लिहून टाकते. तुम्ही गेल्यावर पाच-सहा महिने मी मागचं दार उघडलं नव्हतं. मांडव वाळला, शेवंती गेली, तुमच्या मुलाने विचारलं तेव्हा मी म्हणाले की दाराची कडी गंजून बसली आहे, सुताराला बोलवा. तो रोज विसरायचा आणि मला बरं वाटायचं. शेवटी शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या की तुमच्याकडच्या घुशी आता आमच्याकडे येतात, काहीतरी करा. त्या गेल्यावर मी उठले आणि दारापाशी गेले. कडी एका बोटाने सरकली. ती गंजलेली नव्हतीच.